विडा न देता घेतलेलं नाव

हरिचंद्रने सख्ख्या मामाला कॅसेटवर शिवी घातली, आणि तीसुद्धा इंग्लिशमध्ये, ही बातमी मला इतक्या तोंडांतून मिळाली की बातमीपेक्षा तोंडंच जास्त लक्षात राहिली. कुळगावच्या सलूनवाल्याने ती सांगताना वस्तरा माझ्या मानेपाशी थांबवला होता. "एवढी घाण शिवी रे, एवढी घाण, की मला पण कळली नाही." अंबरनाथला बाबांच्या फॅक्टरीतले दिनानाथकाका चष्मा पुसत म्हणाले, "अहो, ते रॅप का काय म्हणतात ना, त्यात शिवी कंपल्सरी असते. त्याशिवाय पास करत नाहीत." आणि उल्हासनगरला रिक्षावाला तर मागे वळूनच बोलला, गाडी चालू ठेवून. "भाई, मामा अस्पताल में है. सदमा."

सगळं खोटं. मामा ठणठणीत होता आणि कॅसेट माझ्याकडे होती. मामाचं नाव येतं ती जागा मी इतक्यांदा मागे-पुढे केली की तिथे टेप घासून हरिचंद्रला खोकला झाल्यासारखं वाटतं. त्या जागेवर ना शिवी आहे, ना इंग्लिश. दोन ओळी आहेत:

आनी सगल्यात सेवटी, नाव ज्याचा मोठा,
तिवरपाऱ्याचा सुदाममामा, आखा गाव छोटा!

बस. मामाचं कौतुक. शिवी घातली असती तर बरं झालं असतं, शिवीची माफी मागता येते. कौतुकाची माफी कशी मागायची हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि ती मागता आली नाही तर हरिचंद्रची पहिलीवहिली कॅसेट पुसली जाणार होती. पुसली म्हणजे खरोखर पुसली, त्याच्या डोळ्यांदेखत. ते पुढे येईल.

हरिचंद्र जांभूळचा, बदलापूरजवळच्या. आगरी घर. आजा मिठागरावर राबलेला, बाप जनू थोडी भातशेती करून एका पावसाळ्यात कावीळ होऊन गेलेला. आई तुळशीमावशी आमच्या कुळगावात दारोदार वालाच्या शेंगा आणि माठ विकायची. पण ही तिची अर्धीच ओळख. उरलेली अर्धी म्हणजे ती धवलारीण होती. आगरी लग्नात धवले म्हणतात, ती गाणी म्हणणारी बाई. भटजी नंतर, आधी धवलारीण. तिने ज्याचं नाव गाण्यात घेतलं त्याचा मान झाला, आणि राहिलं त्याच्या घरी त्या दिवशी चूल रागाने पेटते.

मी तुळशीमावशीची नक्कल करायचो. "वाल घे गं वयनी, माझ्या डोल्यादेखत भरलेला वाल हाय!" एकदा आमच्याच फाटकात हे चालू असताना मागून कुणीतरी हसलं. लांब मान, उन्हाने रापलेला, अंगात कुणा परदेशी कॉलेजचं नाव लिहिलेला उल्हासनगरी टी-शर्ट.

"आयस माझी हाय ती," तो म्हणाला.

मी पळायच्या बेतात.

"पलू नको. परत कर. 'डोल्यादेखत'ला ती नाक चढवतं, तू चढवला नाय."

तेव्हापासून मी त्याच्यासाठी टेप. "ए टेप, काल हल्दीला कोन काय बोल्ला, वाजव." मी वाजवायचो.

आठवीत त्याची शाळा सुटली. त्याने शाळा सोडली का शाळेने त्याला, ह्यावर तुळशीमावशी आणि हेडमास्तर ह्यांचं एकमत नाही. तो उल्हासनगरला गेला आणि स्टेशनबाहेर चादर पसरून कंगवे, नाडे, पोरांच्या चड्ड्या, मिळेल ते विकायला लागला. झोपायला कुणाच्या तरी दुकानाचा ओटा. चादरवाल्यांचा देव एकच, नगरपालिकेची गाडी. ती दिसली की चादरीची चार टोकं उचलायची आणि धावायचं. हरिचंद्रचं बोलणं त्या भीतीत घडलं. गिऱ्हाईक थांबल्यापासून गाडी कोपऱ्यावर दिसेपर्यंत सगळं सांगून, हसवून, विकून मोकळं व्हायचं. श्वासाला जागा नाही. डोळे गिऱ्हाइकावर नाहीतच, कोपऱ्यावर. आजसुद्धा स्टेजवर तो मधेच डावीकडे बघतो. लोकांना वाटतं स्टाइल आहे. कोपरा डावीकडे होता.

त्याची बडबड ऐकून उल्हासनगरातल्याच कॅम्प एकच्या परसराम सेठने त्याला दुकानाच्या दारात उभं केलं. सेठचं दुकान दोन मजली म्हणायचं. खाली ड्रेसचं कापड, वर माळ्यावर कॅसेटी भरायची यंत्रं. एकात मूळ कॅसेट, रांगेतल्या बाकीच्यांत कोऱ्या. सत्संगाची सिंधी भजनं हा सेठचा हुकमी माल. हरिचंद्रचं काम खाली, पुकारा करायचं:

ए लाल साडी, हळू चाल, थांब जरा, बघ हा माल,
आत ये ताई, बाहेर ऊन, पंखा आहे, जा पाणी पिऊन,
घेऊ नको, हात तर लाव, सेठ बोलेल तोच भाव,
नाही पटला? शेजारी जा, तिथला सेठ ह्याचाच चाचा!

शेवटच्या ओळीला शेजारचा सेठ बाहेर येऊन हात जोडायचा, कारण ते खरंच होतं.

गिऱ्हाइकांच्या पोरांना गप्प बसवायला सेठने दुकानात टीव्ही ठेवला होता, केबलवाला. पंच्याण्णव साल असेल. त्यावर एक परदेशी माणूस ढगळ पँट घालून, हात झाडत, तालावर नुसता बोलतच सुटलेला. हरिचंद्र पुकारा थांबवून बघत राहिला.

"ह्याच्या पण मागे गाडी लागली काय रं?" त्याने मला विचारलं.

"ह्याला रॅप म्हणतात," मी म्हणालो.

"मग मी इतके वर्सं काय करतंय?"

जांभूळला एका हळदीत बेंजोवाले चहाला उठले तेव्हा त्याने माइक धरला. आगरी हळद म्हणजे मांडव, बेंजो, नाच, आणि सगळ्यात महत्त्वाचे मानकरी. कुणाचा मामा, कुणाचा आतेभाऊ, कुठल्या गावचे पंच. हरिचंद्रने ढोलकीवाल्याला ताल धरायला सांगितला आणि एकेका मानकऱ्याला नावाने उचलला. चेहरा बघायचा, चाल बघायची, तिथल्या तिथे ओळ. खुर्च्यांवरची म्हातारी माणसं उभी राहिली. मग प्रत्येक हळदीला "तो बोलनारा पोऱ्या" हवाच झाला. त्याच्या पायात आता बूट होते आणि तो रात्री घरी झोपायचा. तुळशीमावशी म्हणायची, "माझाच गला हाय त्याचा, नुसता मागं कुत्रा लागल्यासारखा."

"सेठ, माझी कॅसेट भरा," तो परसराम सेठच्या मागे लागला.

"अड़े साईं, तेरा लोग मुफ्त में सुनता है. मुफ्त का चीज पैसा देके कौन लेगा?"

पण कापड घ्यायला आलेल्या आगरी बायकाच विचारायला लागल्या, तुमच्या दारातल्या पोराची डबी, म्हणजे कॅसेट, आहे का. सेठचे कान कापडवाल्याचे, त्यांना मागणी लगेच ऐकू येते. माळ्यावर कापडाचे तागे छतापर्यंत रचून भिंत केली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून, आणि त्या भिंतीआड हरिचंद्र, एक बेंजो आणि एक ढोलकी ह्यांना कोंडलं. कॅसेट भरली. सेठने बोट वर केलं. "देख. बिका तो तेरा नसीब. वापस आया तो पोंछ के भजन."

त्या कॅसेटमध्ये हरिचंद्रने सगळ्यांची नावं घेतली. खाडीपासून बदलापूरपर्यंतची गावं आणि प्रत्येक गावातला एक मोठा माणूस. सगळ्यात भारी ओळ त्याच्या स्वतःच्या गावाची, कारण आमच्या अख्ख्या पट्ट्याच्या कारखान्यांचं पाणी जांभूळमधून जातं:

जांभलाचा पानी कंपनीला ग्येला,
आमचा हंडा नलाखाली म्येला!

आणि सगळ्यात शेवटी, आईचा थोरला भाऊ, तिवरपाड्याचा सुदाममामा. टीव्हीवर मोठा कलाकार शेवटी येतो हे त्याने पाहिलं होतं, म्हणून शेवटी.

पहिले काही दिवस कॅसेट सगळीकडे वाजली. मग थांबली. अशी की कुणीतरी मेन स्विच बंद केला.

पहिली कॅसेट परत आली तेव्हा मी दुकानात होतो. एका आजीने ती दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर ठेवावा तशी काउंटरवर ठेवली.

सेठ म्हणाला, "छा थियो? क्या हुआ, माई? खराब है?" आणि यंत्रात घातली. हरिचंद्र आतून ठणठणीत बोलला. "बजता तो है!"

"बाजतंय तं," आजी म्हणाली. "तोच तं वांदा हाय." आणि निघून गेली.

मग रोज येऊ लागल्या. काउंटरवर ढीग. हरिचंद्र दारात उभा राहून पुकारा करायचा आणि दर दोन ओळींनी मान वळवून ढिगाकडे बघायचा. डावीकडचा कोपरा सुटला, आता ढीग. ठरलेल्या हळदींचे निरोप यायला लागले. "या खेपेला नुसता बेंजोच लावतंव." "पोराच्या आज्याची तब्बेत नाय." शेवटी एकाने खरं सांगितलं. तिवरपाड्याला सुदाममामाने कॅसेट ऐकली, टेपरेकॉर्डर बंद केला, आणि त्या दिवसापासून भाच्याचं नाव काढलं नाही. मामा जिथे बोलत नाही तिथे बाकीच्यांनी कसं नाचायचं? अफवेची शिवी इथे जन्मली. एवढा मोठा माणूस एवढा गप्प झाला, म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर बोलला असणार.

सेठने पुसायला सुरुवात केली. दुष्टपणा नव्हता, धंदा होता. माळ्यावर यंत्रांची रांग लागायची, कॅसेटी आत, वरून भजन. हरिचंद्रला वर बोलावून तोच बटण दाबायला लावायचा, कारण यंत्रं त्यालाच नीट येत होती. स्वतःचा आवाज स्वतःच्या अंगठ्याने. त्याला जेवण जाईना. भजन आखूड असलं की कॅसेटच्या टोकाला जुनं थोडं शिल्लक राहायचं. एक सिंधी म्हातारी तणतणत आली. सत्संगात सगळे डोळे मिटून बसलेले असताना भजन संपलं आणि एक पोरगा ओरडला, "आखा गाव छोटा!"

मी हसलो. हरिचंद्र हसला नाही.

"तेरा बहन का हल्दी कब है?" सेठने विचारलं.

"येत्या महिन्यात." विठा, त्याची धाकटी बहीण.

"उस दिन तक का माल मैं रखता. वो मामा आया, कॅसेट बजा, तो चालू. नहीं तो..." सेठने अंगठा हवेत दाबला.

तर प्रश्न एवढाच होता. विठाच्या हळदीपर्यंत मामा वळला तर हरिचंद्र गाणारा. नाही वळला तर परत दारात, आणि दारातून परत चादरीवर, कारण ज्याची कॅसेट पडली त्याचा पुकारासुद्धा लोकांना शिळा लागतो. हे तो बोलायचा नाही. पण स्टेशनबाहेरून जाताना चादरवाल्यांकडे बघायचा बंद झाला होता.

त्याला वाटलं चूक कळली. मामाला शेवटी ठेवला, हीच चूक. आगरी मांडवात मामा पहिला. म्हणून त्याने नवीन कडवं रचलं, मामाला पहिल्या ओळीत बसवला, त्याच्या बांधाचं, कोळंबीचं, मिशीचं कौतुक केलं, आणि तिवरपाड्याला जाऊन मामाच्या अंगणात उभा राहून म्हणून दाखवलं. मामा ओट्यावर जाळं विणत होता. कडवं अर्ध्यावर आलं तेव्हा मामाने हात लांब करून रेडिओ लावला. खतांची माहिती चालू होती. हरिचंद्र म्हणत राहिला. मामाने आवाज वाढवला.

तो घरी आला आणि आईपुढे बसला. मी तिथेच होतो. तुळशीमावशी वाल सोलत होती. तिचा चेहरा त्या दिवसांत पार उतरला होता. भाऊ नाही आला तर स्वतःच्याच पोरीचे धवले कुठल्या तोंडाने गाणार?

"पयला ठेवला तरी नाय आयकला," हरिचंद्र म्हणाला.

"पयला-सेवटचा कोन इचारतंय?" ती म्हणाली. "माना एक सांग. हल्दीला तू नावां घेतंस, तेवा कोन रागावतंय?"

"कोन नाय."

"का?"

त्याने सुपातली एक शेंग उचलून सोलायला घेतली.

"घरधन्यानं घरोघर जाऊन विरा दिलेला असतंय. विरा घेतला म्हंजे मानूस हो बोल्ला. मंग तू घे नाव, मी घेवू नाव, कुनी घेवू. तुझ्या डबीला मांडव कुठं हाय? घरधनी कोन हाय? तू लोकांचा नाव उचलला आनी दुकानान नेवून ठेवला."

विडा म्हणजे पान-सुपारी. आमंत्रणाला देतात, आम्हीही देतो, पण आमच्याकडे ती रीत आहे आणि त्यांच्याकडे परवानगी. हरिचंद्रच्या चेहऱ्यावरून मला समजलं की त्याला काय दिसतंय. एक मामा नाही. कॅसेटमधली सगळी गावं. प्रत्येक नाव न विचारता घेतलेलं. बाकीचे अजून मामाएवढे रागावले नव्हते, इतकंच.

"मंग आता?" त्याने विचारलं.

"आता पानां आन," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तो सायकलवर निघाला. मागे मी, मांडीवर पानांचं ओलं फडकं. मला शाळेचा अभ्यास होता हे मी इथे लिहीत नाही, आई हे वाचेल.

पहिल्याच घरात गोची झाली. विचारायचं म्हणजे हळू बोलायला हवं, आणि ह्या माणसाला हळू बोलता येत नव्हतं. दारात रखमाआजी उभी. हरिचंद्रने ताट पुढे केलं आणि सुटला, "आजी तुमच्या मालकाचा नाव मी डबीन घेतला न इचारता घेतला चुकला माझा आता इचाराला आलू विरा घ्या आनी..."

आजीने शांतपणे रस्त्याकडे पाहिलं. "गारी आली काय रं पाठी?"

तिसऱ्या-चौथ्या गावापर्यंत त्याला दम घ्यायला जमलं. मग लोक बोलायला लागले. कुणी म्हणालं, नाव घे पण नीट घे, आमच्या बापाला लोक भाऊ म्हणायचे. कुणी म्हणालं, धाकट्याचंही घे. एकाने विडा घेतला आणि स्वतःच ओळ दिली, चांगली होती. हरिचंद्र सायकलवर ती सगळी पुटपुटत जायचा. पण दर घरापाशी सायकल थांबली की त्याचे हात गार पडलेले असायचे. मी पकडून पाहिलेत. उन्हाळ्याचे दिवस होते.

आणि एका ठिकाणी विडा परत आला. जांभूळला. त्याच्या स्वतःच्या गावात. गावातले थोरले गृहस्थ, कारखान्यात ठेकेदारीला पोरं लावणारे, ताटाकडे बघून म्हणाले, "हरी, तुझा गाना बेस हाय. पन पान्याची ओल नको. कंपनीन आमची पोरां हाईत."

"काका, खरा हाय ना ते?"

"खरा हाय म्हनूनच नको."

ती त्याची सगळ्यात भारी ओळ. मला वाटलं भांडणार. त्याने ताट उचललं आणि म्हणाला, "ओल राहील. गावाचा नाव जाईल." म्हणून आजही तुम्ही त्याची कॅसेट ऐकाल तर पाणी कंपनीला जातं, हंडा नळाखाली मरतो, पण कुठला नळ ते नाही. आमच्या पट्ट्यातलं बहुतेक प्रत्येक गाव त्या कॅसेटमध्ये आहे. गाणाऱ्याचं सोडून.

राहिला तिवरपाडा.

विठाच्या हळदीला दोनच दिवस होते. खाडीच्या बांधावरून सायकल ढकलत नेत होतो, चिखल होता. हरिचंद्र विचारायचं वाक्य पुटपुटत होता आणि माझी तर भीतीने बडबड वाढते.

"मामा विडा घेणार नाही," मी म्हणालो.

"कशावरून?"

मी रेडिओवरच्या खतांची नक्कल करून दाखवली. "लाव पैज."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं कुणीतरी ती गोष्ट मोठ्याने बोलावी हेच त्याला हवं होतं. "लाव," तो म्हणाला. "मी हरलू तं सेठच्या दारान मी हायेच उभा. तू हरलास तं तू उभा ऱ्हायचा. एक दुपार. पुकारा करत."

"नक्कल चालेल?"

"कोनाची पन कर. गिऱ्हाईक आत गेला पायजे."

मामा ओट्यावरच होता. जाळं संपलं होतं, नुसता बसला होता. जवळ रेडिओ. हरिचंद्रने ताट त्याच्या पुढ्यात ठेवलं, दोन पावलं मागे आला आणि थांबला.

आणि गप्प राहिला.

एवढ्या गावांत मुरवलेलं वाक्य बाहेरच येईना. मी त्याला कधीच असा पाहिला नव्हता. गाडीपुढे न थांबणारा, तडातडा बोलणारा माणूस, ओठ हलतायत आणि आवाज नाही. कोंबडी अंगणातून गेली. मामी दाराआडून बघून आत गेली. मामाचा हात रेडिओकडे सरकला. मी डोळे मिटले.

"बोल ना," मामा म्हणाला. "येरवी तं थांबत नाय."

"इचाराला आलू."

"काय?"

"नाव घेवू का?"

"कोनाचा?"

"तुमचा."

"कुठं?"

"डबीन."

मामाने मिशीवरून हात फिरवला. फार सावकाश. "पयला का सेवट?"

"तुमी बोलाल तसा."

मामा विचार करत राहिला. मला वाटलं विचार करता करता झोपला. "सेवटीच ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "सेवटी असला तं लोका सेवटपरत आयकतील. पन ते 'आखा गाव छोटा' नको. माना या गावान ऱ्हायचा हाय."

आणि त्याने ताटातला विडा उचलला, उलटसुलट करून पाहिला, बहिणीच्या घरचाच कात आहे ना हे हुंगून घेतलं, आणि तोंडात टाकला.

हरिचंद्र ओट्याच्या पायरीवर बसला. मामा चावत होता, आम्ही बघत होतो. कुणीही काही बोललं नाही, कारण मामाच्या तोंडात पान होतं आणि आमच्यात काही उरलं नव्हतं.

विठाच्या हळदीला सुदाममामा संध्याकाळीच आला, पहिल्या खुर्चीवर बसला. तुळशीमावशीने धवल्यात त्याचं नाव घेतलं तेव्हा तिचा आवाज एका जागी चिरला. माळ्यावर तागे परत रचले गेले, नावं नव्याने भरली, आणि सेठ स्वतः सांगायला लागला की ह्या पोराला मी शोधला. पुढच्या पावसाळ्यात मुंबईच्या एका कंपनीचा माणूस दुसरी कॅसेट मागायला आला. हरिचंद्रने त्याला सांगितलं, देतो, पण वेळ लागेल, आधी घरोघर जायचं आहे. त्या माणसाला वाटलं तो भाव वाढवतोय.

आणि मी पैज हरलो. विठाची पाठवणी झाल्यावर एका दुपारी कॅम्प एकमध्ये सेठच्या दारात उभा राहिलो. सलूनवाल्याची नक्कल केली, दिनानाथकाकांची केली, खतांची केली. एकही बाई आत गेली नाही. दोघी थांबल्या तेवढ्या, आणि त्यातली एक काळजीने म्हणाली, "बाळा, घरी कुणी आहे का तुला न्यायला?"